'माहीत नाही'ची चौकट

डार्लीनने घरविक्रीचा कागद टेबलावर पसरला आणि 'माहीत नाही'च्या चौकटीवर नखाने टकटक केलं.

"इथे खूण कर, बर्निस. की सुटलीस."

डार्लीन मिलवॉकीच्या दक्षिण भागातली जुनी घरं विकून देते. कायदा सोपा आहे. घराच्या रंगात शिसं आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर घेणाऱ्याला सांगा. तपासून घ्याच, असं मात्र तो म्हणत नाही. त्यामुळे इथले शहाणे लोक काही तपासायच्या भानगडीत पडत नाहीत. घरं शंभरीची, खिडकी वर-खाली केली की चौकटीतून पूड झडते, आणि सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

"आणि मला काही सांगत बसू नकोस," डार्लीन म्हणाली. "माझ्या कानावर आलं की मलाही सांगावं लागतं. झाकली मूठ झाकलेलीच बरी."

बर्निसला माहीत होतं. तिचा मुलगा यूजीन दोन वर्षांचा असताना आरोग्य खात्याची नर्स घरी आली होती. पोराच्या रक्तात शिसं सापडलं होतं; ते लहान मुलांच्या मेंदूला बाधतं, असं ती म्हणाली. मागच्या खोलीच्या खिडकीखाली त्याचा कठड्याचा पलंग होता. त्यात उभा राहून तो बसगाड्या बघायचा आणि खिडकीची कड चावायचा. नवऱ्याने त्या कडेला नवा रंग मारला आणि विषय मिटवला. पुढे यूजीनला शाळा झेपली नाही. मी असा का, असं त्याने एकदा विचारलं, तेव्हा बर्निस म्हणाली, "तू जन्मलासच असा, राजा. देवाची मर्जी."

आता यूजीनचे केस पांढरे व्हायला लागलेत. तो सुपरमार्केटच्या आवारातल्या ढकलगाड्या गोळा करतो, आणि देवाबद्दल त्याची काही तक्रार नाही. बर्निसच्या गुडघ्यांना जिना होत नव्हता, म्हणून घर विकून मायलेक तळमजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये जाणार होते.

शनिवारी सह्या करायला डार्लीनबरोबर घर घेणारं जोडपं आलं, इफ्राइन आणि नोएमी. नोएमीला सातवा महिना होता. यूजीनने कॉफी दिली, मग तिला कौतुकाने मागची खोली दाखवून आणली.

"तिथून बस दिसते," नोएमी खुर्चीत टेकत म्हणाली. "बाळाचा पलंग खिडकीपाशीच ठेवू."

बर्निसला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर काळजात धस्स होईल. काहीच झालं नाही. बऱ्याच वर्षांत तिला काही होतच नव्हतं, आणि त्याचं वाईटही वाटेनासं झालं होतं. फक्त एक गोष्ट तिला कळत होती. यांना सांगायचं म्हणजे यूजीनलाही सांगायचं.

"यूजीन, जरा दूध घेऊन ये."

"दूध आहे, आई. दोन कॅन आहेत."

"मग ब्रेड आण."

"ब्रेड सकाळीच आणला." तो आपल्या खुर्चीत ऐसपैस बसला. पाहुणे त्याला आवडायचे.

बर्निसने पेन घेतलं आणि दुसऱ्या चौकटीत खूण केली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. मग नर्स, रक्त, खिडकीची कड, सगळं तिने सांगितलं. चर्चमधल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणात काय काय आहे हे सांगावं, तशा आवाजात. डार्लीनने डोळे मिटून घेतले.

"सगळ्याच खिडक्या?" इफ्राइनने विचारलं.

"सगळ्या. त्या बदलल्याशिवाय इथे बाळ आणू नका."

ते दोघं बाहेर बोलून येतो म्हणाले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही लांब गेला.

"गेलं गिऱ्हाईक," डार्लीन म्हणाली आणि कोट घालून तीही निघून गेली.

यूजीनने कप गोळा केले. सिंकपाशी जाऊन त्याने नळ सोडला.

"म्हणजे मी जन्मलो तेव्हा असा नव्हतो."

"नाही."

"मग कसा होतो?"

"गल्लीत सगळ्यांच्या आधी बोलायला लागलास. गाणी म्हणायचास."

"हुशार होतो?"

"हो."

त्याने एक कप विसळला, पुसला, पुन्हा विसळला.

"शाळेत बाई म्हणायच्या, यूजीन मन लावत नाही," तो म्हणाला. "मला ते खरं वाटायचं, आई. म्हणून मी अजूनही मन लावतो."