सेव्ह झालेली तीनशे पानं

न्यायालयाच्या जुन्या, हाताने लिहिलेल्या जबान्या टाइप करून देणारं ते ऑफिस दिराचं, आणि तिथले संगणक सांभाळायची वहिनी. नवरा गेल्यापासून ती राहायलाही दिराच्याच घरी होती, त्यामुळे तोंड जरा जपूनच उघडायची.

सगळ्यांचं काम साठवणाऱ्या मुख्य संगणकाच्या, सर्व्हरच्या, डिस्क जुन्या, संथ. सेव्ह केलेलंही आधी सर्व्हरच्या मेमरीत साठायचं आणि तिची मर्यादा भरली की सगळं एकदम डिस्कवर आदळायचं. डिस्कना ते झेपायचं नाही. मग बाराच्या बारा स्क्रीन जागीच थिजायचे.

"भाऊजी, मर्यादा कमी करते. थोडं थोडं सतत लिहिलं जाईल. पण आकडे बसवायला दोन दिवस लागतील."

"दुपारी पाहुणे येतायत, वहिनी! आज काहीही अडकता कामा नये."

मग तिने नेमकं उलटं केलं. मर्यादा वाढवली, अर्धा तास डिस्कवर काही जाणारच नाही असं करून ठेवलं. "तेवढ्यात सर्व्हर बंद पडला तर सेव्ह केलेलंही सगळं पाण्यात," तिने बजावलं.

"कशाला पडतोय!"

स्क्रीन भराभर चालू लागले. दुपारी सगळे जेवायला गेले, मागे राहिले एकटे मास्तर. निवृत्तीनंतर इथे आलेले, मान मोडून काम करणारे. महिनाभर तपासलेल्या तीनशे पानांची फाइल त्यांनी सेव्ह केली, स्क्रीनवर 'सेव्ह झालं' वाचलं आणि चष्मा पुसला. पाचच मिनिटांनी दिराने प्रोजेक्टर लावायला हाताला लागला तो प्लग उपटला. तो सर्व्हरचा होता.

सर्व्हर पुन्हा सुरू झाला तेव्हा मास्तरांची फाइल कोरी होती. सेव्ह करताना जुनी प्रत पुसली गेली होती आणि नवी डिस्कपर्यंत पोचलीच नव्हती.

"सेव्ह करायला विसरलात, मास्तर!" पाहुण्यांदेखत दीर कडाडला. "वय झालं की घरी बसावं माणसाने." मग वळून शांतपणे म्हणाला, "काय वहिनी, सेव्ह केलं असतं तर मिळालं असतं ना?"

मास्तर आशेने तिच्याकडे बघत होते.

"मिळालं असतं," वहिनी म्हणाली.

दोन दिवसांनी तिने आकडे नीट बसवले. स्क्रीन अडकायचे थांबले, दिराने सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली.

त्याच आठवड्यात मास्तर आपलं सामान न्यायला आले. जाताना तिच्या टेबलापाशी थबकले.

"खरं सांग पोरी, मी बटण दाबलंच नव्हतं का गं? मला तर दाबल्यासारखं आठवतंय. हल्ली माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

दाराशी दीर उभा होता.

"नसेल दाबलं, मास्तर," ती म्हणाली.