निळ्या दोरीचा द्रोण

आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या. नगरपालिकेच्या नावेवर सव्वीस वर्षं काढलेल्या माणसानं थापा नाही मारायच्या तर काय करायचं? पाणी वाहून जातं, वेळ जात नाही. लॉय क्रथोंगच्या, म्हणजे नदीत द्रोण सोडायच्या सणाच्या, रात्री सोडलेले पावाचे द्रोण खाऊन एक मांगूर मासा एवढा माजला की आमची उतारूंची होडी त्याच्या पाठीवर अडकली आणि अर्धा तास उतारू त्याच्यावरच उभे होते, ही थाप माझी. एका द्रोणात कवळी सापडली आणि तिचा मालक दुसऱ्या दिवशी कचेरीत येऊन तोंड न उघडता नुसता बोटानं दाखवत राहिला, ही मात्र थाप नव्हे. ती कवळी मीच धुऊन दिली.

एका बाबतीत मात्र मी कधी फेकाफेक केली नाही, ती म्हणजे आकडा. सणाच्या दुसऱ्या दिवशी पालिकेच्या भोंग्यावरून जाहीर व्हायचं, यंदा नदीतून इतके द्रोण काढले. तो आकडा मी मोजलेला असे. फक्त एका वर्षीच्या आकड्यात एक गोम आहे, आणि ती सांगायलाच आज बसलो आहे.

आमच्या पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या पुनवेला, नोव्हेंबरात, सगळं शहर नदीवर लोटतं. केळीच्या खोडाच्या चकतीला पानांच्या घड्या टाचायच्या, आत झेंडू, तीन उदबत्त्या, मेणबत्ती. वर्षभर पाणी घाण केलं म्हणून गंगामाईची क्षमा मागायची आणि द्रोण सोडून द्यायचा. म्हणजे क्षमा मागता मागता आणखी दहा-बारा हजार वस्तू तिच्याच अंगावर टाकायच्या. त्या उचलायचं काम पालिकेचं. नदी आखाताला मिळते त्याच्या थोडं अलीकडे आम्ही बांबूंचा तरंगता अडसर घालायचो आणि उजाडायच्या सुमाराला लांब दांड्याच्या जाळ्यांनी वेचायला लागायचो. फोमचे द्रोण कचऱ्यात, पावाचे तळ्यातल्या माशांना, केळीचे खताच्या खड्ड्यात. मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, ते खत पिशव्या भरून शहरात फुकट वाटायचं. लोकांना हे माहीत होतं आणि नव्हतंही. देवाला वाहिलेल्या फुलांचं पुढं काय होतं, हे कुणी विचारत बसत नाही.

दरवर्षी त्या ढिगात एक द्रोण वेगळा असायचा. लहानसा, नीटस. पानांना बांबूच्या काड्या नाहीत की टाचण्या नाहीत, जाळी विणायच्या निळ्या नायलॉनच्या दोरीनं शिवलेला, आणि शेवटी कोळ्याची पक्की गाठ. आत झेंडूच्या जोडीला एक मान वाकवलेला वाफवलेला बांगडा, आणि प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली एक सिगारेट. पहिल्या वर्षी बांगडा धक्क्यावरच्या मांजराला टाकला आणि सिगारेट मी ओढली. दुसऱ्या वर्षीही. पुढं पुढं तर मी वाट बघायला लागलो.

आमच्या पालिकेचा म्हाताऱ्यांसाठी एक उपक्रम असतो. सणाच्या आदल्या दिवशी देवळाच्या मंडपात सगळ्यांनी बसून द्रोण करायचे, पालिकेनं केळीची खोडं पुरवायची, दुपारी भाताची पेज. एका वर्षी खोडं पोचवायला मी गेलो, तर कोपऱ्यात प्रायून म्हातारी बसलेली. सगळा मोहल्ला तिला याय म्हणायचा, आजी. कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जन्म गेलेली बाई. बोटं अशी वाकलेली की सरळ करायला दुसरा हात लागे. तिनं पोलक्याच्या खिशातून निळी दोरी काढली. उपक्रम बघणाऱ्या सुवीमोनबाई म्हणाल्या, "याय, टाचण्या घ्या की, पालिकेच्या आहेत."

"टाचण्या खाऱ्या पाण्यात गंजतात," याय म्हणाली. "माझ्या द्रोणाला लांब जायचंय. वित तिकडे आहे."

वित तिचा मुलगा. माशांच्या ट्रॉलरवर गेला, वादळात ट्रॉलर बुडाला, चौघं सापडले, तो सापडला नाही. चितेवर ठेवायला काही हाती आलं नाही. म्हणून वर्षातून एकदा त्याचं जेवण आणि सिगारेट नदीच्या हाती द्यायची, पुढचं समुद्र बघेल.

त्या दिवशी मला कळलं. आणि कळूनही पुढची सहा वर्षं मी तो द्रोण वेचला, बांगडा मांजराला दिला आणि सिगारेट ओढली. तुम्ही विचाराल, एक द्रोण सोडून दिला असता तर काय बिघडलं असतं. मीही स्वतःला विचारायचो. मग स्वतःलाच म्हणायचो, तेम, अडसर म्हणजे अडसर, एकाला वाट दिली की सगळ्यांना द्यावी लागते. नियमाच्या आड लपून फुकटची सिगारेट ओढायला बरं वाटतं, एवढंच खरं.

एक मात्र करायचो. खत करण्याआधी टेबलावर द्रोण निवडायचे असतात, टाचण्या-तारा काढायच्या असतात. तेव्हा ती निळी दोरी मी आठवणीनं कापून काढायचो. त्या सहातल्या शेवटच्या वर्षी माझी पाठ धरली, चार दिवस घरी पडून होतो, आणि टेबलाशी दुसरी माणसं होती. खोड कुजलं, पान कुजलं. नायलॉन कुजत नाही.

मे महिन्यातली सकाळ. धक्क्यावर नाव पालथी घालून मी फटीत डांबर भरत होतो. याय आली. हातात पालिकेच्या खताची पिशवी. तिनं नावेच्या बुडावर दोरी ठेवली. मातीनं काळी झालेली, गाठ जशीच्या तशी.

"मिरच्यांना खत घालत होते," ती म्हणाली. "हे निघालं."

माझी जीभ सवयीनं धावली. "याय, कधी कधी काय होतं, मोठी भरती आली की समुद्रात गेलेलं सामान उलटं वर येतं. एकदा तर आख्खं नारळाचं झाड..."

"तेम."

"हं."

"भरतीनं वर आली, कबूल. मग खतात पुरली कुणी? खेकड्यांनी?"

मी डांबराचा डबा खाली ठेवला. मग सगळं सांगितलं. अडसर कुठं असतो, किती वाजता वेचतो, कुठं नेतो. सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "आणि बांगडा?"

"मांजर खातं."

"सिगारेट?"

आता इथं मला दहा थापा सुचल्या होत्या. "मी ओढतो," मी म्हणालो.

"कशी असते?"

"जरा सर्द."

तिनं मान हलवली, जणू दुकानदारानं मालाची खोट कबूल केली. दोरी उचलून खिशात घातली. चार पावलं गेली आणि पाठमोरीच थांबली.

"एकोणीस वर्षं," ती म्हणाली. "म्हणजे पोरगं उपाशीच."

खताची पिशवी तिथंच राहिली. ती परत घेऊन जायला कुणी आलं नाही, आणि तिच्याकडे नेऊन द्यायची माझी छाती झाली नाही.

पावसाळा गेला. नोव्हेंबरात मंडपात पुन्हा म्हातारी माणसं जमली, पेजेचा वास सुटला, आणि कोपऱ्यातली जागा रिकामी. सुवीमोनबाईंनी मला विचारलं, "याय आजारी आहे का हो, लुंग?" इथं मी सगळ्यांचा काका, म्हणून लुंग. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, सिगारेटीसकट. त्यांनी हातातली यादी उलटसुलट केली.

"अडसर उघडायची परवानगी मी देऊ शकत नाही," शेवटी म्हणाल्या.

"उघडायचा नाहीच. पण सकाळी वेचायला लागण्याआधी अडसराच्या पलीकडे काही निसटलंय का, हे बघायला नाव जाते ना."

"जाते?"

"आजवर गेली नाही. जायला पाहिजे, असं मला वाटतं."

"मलाही वाटतं," त्या म्हणाल्या आणि यादीवर काहीतरी खरडायला लागल्या.

केळीच्या खोडाची एक चकती आणि पानं घेऊन मी यायच्या घरी गेलो. दारात मिरच्यांची रोपं वाळत आलेली. ती बाहेरच्या बाकावर बसून होती. मी सामान शेजारी ठेवलं.

"अडसराच्या पलीकडे नेतो. तुम्हालाच नावेतून नेतो. स्वतःच्या हातानं सोडा."

"बायकांनी होडीत पाय ठेवला की मासे पळतात म्हणायचे. नवऱ्यानं कधी नेलं नाही. वितनंही नाही."

"पालिकेची नाव कचरा धरते, मासे नाही. कचरा कुठं पळत नाही."

ती हसली नाही. पण पानांवरून हात फिरवून बघितला, आणि एक फाटकं पान वेगळं काढून ठेवलं.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी झुंजुरकाला ती धक्क्यावर हजर होती. धुवट पोलकं, मांडीवर द्रोण. दोरी तीच, खतातून निघालेली. धुऊन पुन्हा निळी झालेली. नाव चालवायला बूनमा होता, पन्नाशीचा, बडबड्या. त्यानं यायला हात देऊन नावेत घेतलं. अडसराशी हजारो द्रोण दाटले होते, विझलेल्या मेणबत्त्या, भिजलेला झेंडू. याय वाकून त्यांच्याकडे बघत राहिली. आम्ही कडेच्या फटीतून बाहेर पडलो.

शिंपले वाढवायचे खांब मागं पडले, चिखलाचा पट्टा संपला. ओहोटी होती, पाणी आपोआप बाहेर ओढत होतं. मग दोन्ही काठ सुटले आणि समोर काही उरलं नाही. बूनमानं इंजिन बंद केलं. सूर्य वर येत होता आणि पाणी सगळीकडे एकाच रंगाचं होतं.

यायनं आयुष्यभर समुद्रातून आलेलं सोललं होतं, समुद्र असा बघितला नव्हता. ती डावीकडे बघायची, उजवीकडे बघायची. दोन्ही हात द्रोणावर.

"एवढा असतो होय," ती म्हणाली.

मी पाण्यात हात घालून ओहोटीची ओढ बघितली.

"इथं सोडला तर कुठं जाईल?"

"ओहोटी आहे, बाहेर जाईल. मग वारा नेईल तिकडे."

"कुणाच्या हाताला लागेल?"

मी थापाड्या माणूस. तिला सांगू शकलो असतो की लागेल, वितच्याच हाताला लागेल, मी एकदा डोळ्यांनी बघितलंय. शब्द ओठांवर होते.

"कुणाच्याच नाही, याय."

"आणि तुझ्या त्या अडसराशी?"

"तिथं माझ्या हाताला."

"दरवर्षी तूच?"

"दरवर्षी मीच. निळी दोरी लांबून दिसायची."

नाव हळूहळू फिरत होती. बूनमा पाठ करून बसला होता. यायनं द्रोण मांडीवरून उचलला, पाण्यावर धरला, तिच्या वाकड्या बोटांना पाणी लागलंसुद्धा. द्रोणाला नाही. मग तो तिनं माझ्याकडे केला.

"घे."

मी दोन्ही हातांनी घेतला.

"बांगडा मांजराला दे. वितच्या ताटातलाही अर्धा मांजरच खायचं, मी ओरडायची." तिनं बोटांचं पाणी पोलक्याला पुसलं. "आणि सिगारेट इथंच ओढ. तो माझ्यापासून लपून ओढायचा. मी कधी बघितला नाही ओढताना."

डॉक्टरांनी मला दोन वर्षांपूर्वीच बंदी घातली होती. मी सिगारेटीवरचं प्लास्टिक सोडवलं. या वेळी सिगारेट कोरडी होती. वाऱ्यात काडी तिसऱ्यांदा पेटली. मी ओढत होतो आणि ती माझ्याकडे बघत होती, पोर जेवताना आई बघते तसं, शेवटपर्यंत. मला ठसका लागला तेव्हा म्हणाली, "सावकाश." एवढंच. तिनं डोळे पुसले ते धुराचे असावेत. माझे तरी धुराचेच होते, असं मी बूनमाला सांगितलं.

परत येताना अडसराशी ती म्हणाली, "लागा कामाला. तुमचा खोळंबा नको." बूनमानं तिला धक्क्यावर उतरवलं. निळ्या दोरीचा द्रोण मी ढिगात टाकला नाही, टेबलावर शेवटी ठेवला, आणि दोरी कापली नाही. मे महिन्यात ती दोरी असलेली खताची पिशवी तिच्या दारात मीच नेऊन दिली. मिरच्या त्या वर्षी कशा लागल्या ते सांगत नाही, तुम्हाला थाप वाटेल.

नाव परतली त्याच दुपारी भोंग्यावरून आकडा जाहीर झाला होता: अकरा हजार चारशे बासष्ट. मी दोनदा मोजला होता. त्यातला एक द्रोण पाण्याला लागलेलाच नव्हता. बाकी आकडा बरोबर आहे.