चौकटीआडचा निळा

ईश्वरने एकोणीस अंक गालिच्यावर ओळीने मांडले, तेव्हा रविवारचे दहा वाजले होते आणि सभेला पाच तास उरले होते.

'निरंजना' हे अमेरिकेतल्या श्रूजबरी आणि आसपासच्या आंबेडकरी कुटुंबांचे वार्षिक. दर चौदा एप्रिलला ते निघे आणि पहिल्या अंकापासून त्याची मांडणी ईश्वर एकटा करीत आला होता. समास किती, ओळींतले अंतर किती, छायाचित्र कोणत्या बाजूला, लेखकाचे आडनाव न देता फक्त नाव आणि गाव का, हे सर्व त्याने बावीस पानांच्या नियमपुस्तिकेत लिहून ठेवले होते. जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत त्याचा फोन वाजत असे. "काका, कविता एका पानात बसेना." "काका, माझा फोटो डावीकडेच का?" उरलेल्या नऊ महिन्यांत फोन येई तो बहुधा दाताच्या दवाखान्याचा, तपासणीची तारीख कळवणारा.

गुरुवारी नव्या संपादक मोनालीचा फोन आला होता.

"काका, या वर्षी ऑनलाइन टेम्प्लेट घेऊ या ना. दोन तासांत अंक रेडी. तुम्हालाही रेस्ट."

"मला विश्रांती हवी असं कोण म्हणालं?"

"तसं नाही हो काका! पण ती बावीस पानं आता कोण वाचणार?"

"त्या पानांमुळेच अंक लांबूनही ओळखता येतो."

"मग मीटिंगमध्ये प्रूव्ह करा!" ती हसली. तिने ते सहज म्हटले होते. ईश्वरने मात्र ते प्रमेयासारखे घेतले.

पुरावा म्हणून एकोणीस अंक शेजारी शेजारी ठेवायचे, एवढीच त्याची योजना होती. आता खिडकीच्या उजेडात त्याला दिसले की डावीकडचा पहिला अंक गडद निळा होता आणि उजवीकडचा शेवटचा पावसात धुतल्यासारखा. मधले सतरा अंक एका टोकाकडून दुसऱ्याकडे इतक्या सावकाश गेले होते की बदल नेमका कुठे झाला, असे बोट ठेवता येत नव्हते.

ठेवून ठेवून अंकांचा रंग उडाला असावा, ही शंका त्याने प्रथम तपासली. पण ते बंद खोक्यात होते, शिवाय उडायचा तर जुन्यांचा उडायला हवा होता, नव्यांचा नव्हे. मग त्याने आपल्या नोकरीच्या प्रयोगशाळेतले मुठीत मावणारे रंगमापक यंत्र आणले. कोणत्याही लागोपाठच्या दोन अंकांतला फरक डोळ्याला कळण्याच्या मर्यादेखाली होता. पहिल्या आणि शेवटच्या अंकातला फरक त्या मर्यादेच्या अकरा पट भरला.

त्याची नजर मेजावरच्या भिंतीकडे गेली. तिथे काचेच्या चौकटीत निळ्या कापडाचा एक तुकडा होता. तो त्याच्या जुन्या मित्राने, प्रफुल्लने, नागपूरहून आणला होता. दोघांनी मिळून 'निरंजना' सुरू केले तेव्हा निळा हाच असे ठरवले आणि कापडाचे दोन भाग करून एकेक ठेवून घेतला. नियम तिसरा: मुखपृष्ठाचा मुद्रित नमुना या कापडाशी ताडून पाहावा. ईश्वरने तो नियम एकोणीस वर्षे काटेकोरपणे पाळला होता.

त्याने चौकट उघडली. कडेच्या पुठ्ठ्याखाली, जिथे ऊन पोचत नव्हते, तिथे बोटभर रुंदीची पट्टी पहिल्या अंकाइतकीच गडद होती. उन्हात रंग किती टिकतो हे मोजण्याचा पगार घेणाऱ्या माणसाने आपले मानक पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगले होते.

त्याने दुसऱ्या राज्यात, हर्नडनला राहणाऱ्या प्रफुल्लला फोन लावला. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

"ईश्वर? काय झालं? सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत. मुखपृष्ठाचा निळा फिका होत गेला, हे तुझ्या लक्षात आलं होतं?"

"हो. सहाव्या-सातव्या वर्षीच."

"मग बोलला का नाहीस?"

"अरे यार, मला वाटलं तूच बदललास. तू काय विचारून करतोस थोडंच?"

प्रफुल्ल हसला आणि मुलीला न्यायला जायचे आहे, असे सांगून त्याने फोन ठेवला. दहाव्या अंकात प्रफुल्लच्या वडिलांवरचा लेख पानात बसेना, तेव्हा ईश्वरने त्यातल्या अकरा ओळी कापल्या होत्या. विचारले नव्हते. समासाचा नियम स्पष्ट होता.

हे अंक घरीच ठेवून सभेला जाणे शक्य होते. कोणाच्याही ते लक्षात आले नसते. तीन वाजता ईश्वरने वाचनालयाच्या खोलीत सगळे अंक मेजावर मांडले.

"काका, हे सगळे सेमच दिसतायत," संपादक मंडळातला धम्मदीप म्हणाला. "चष्मा मी बदलू की तुम्ही?"

ईश्वरने मधले सतरा अंक उचलले आणि उरलेले दोन एकमेकांना खेटून ठेवले. आता फरक सर्वांना दिसला. मग त्याने चूक कशी झाली ते सांगितले: नियम बरोबर, पालन बरोबर, मानक चुकलेले. एवढे ऐकल्यावर टेम्प्लेटला विरोध करण्यासारखे कोणाकडे काही उरले नाही, त्याच्याकडेही नाही.

"निळा कुठला टाकू, काका?" मोनालीने लॅपटॉप वळवून विचारले. "कोड सांगा फक्त."

पहिल्या वर्षीच्या निळ्याचा आकडा त्याच्या खिशात होता.

"सगळ्यांना विचार," तो म्हणाला. मोनालीने चमकून वर पाहिले.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या हर्षिताने फिक्या अंकावर हात ठेवला. "हाच आपला ना! तो डार्क दुसऱ्याच कुठल्या मॅगझिनचा वाटतो."

सहा जणांत चार मते फिक्याला पडली. धम्मदीप तटस्थ राहिला. गडदला पडलेले एकमेव मत ईश्वरचे होते. मोनालीने कोड टाकला. एवढ्या कामाला चार सेकंद लागले.

घरी परतल्यावर त्याने पुठ्ठ्याखालची गडद पट्टी कात्रीने कापली आणि लिफाफ्यात घातली. सोबतच्या कागदावर लिहिले: 'तुझ्याकडचा तुकडा अजून असाच आहे का? आणि त्या अकरा ओळी तुझ्याकडे असतील तर पाठवशील?' दोन प्रश्न, समास न मोजता. मग चालत जाऊन लिफाफा टपालपेटीत टाकला.

पत्र हर्नडनला पोचायला तीन दिवस लागतात. तरीही त्या संध्याकाळी त्याने फोनचा आवाज वाढवून ठेवला. तसे करण्याला कोणताही आधार नव्हता, हे त्याला ठाऊक होते.