गव्हातून गेलेली रेघ

वेग मोजायचं यंत्र निवडण्यात माझा अख्खा आषाढ गेला, आणि वारा होता तो आषाढातच. मुळा धरणाच्या फुगवट्यावर उभा माणूस ढकलला जाईल असा वारा, आणि मी घरात बसून मोबाईलवर लोकांची मतं वाचतेय. चीड येणार नाही तर काय!

माझा खेळ गावात कुणाला सांगून कळत नाही. हातात हवा भरलेला पंख धरायचा, पायाखाली फळी, आणि फळीखाली पाण्यात बुडालेलं पातं. वाऱ्याने जोर धरला की फळी पाण्याच्या वर उचलली जाते आणि पाण्याचा खळखळाट एकदम बंद होतो. मला हे हनुमंतकाकांनी शिकवलं. काका भिंगारचे, फौजेत शिडाच्या होड्या चालवून निवृत्त झालेले. गोव्याच्या निवड शिबिराचं त्यांच्याचकडून कळलं. अट एकच होती: आपल्या पाण्यावरची एक धाव यंत्राने नोंदवून मुदतीत पाठवायची. वेग पुरेसा असला तर बोलावणं. माझं वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. हुकलं की संपलं.

आधी चुलतभावाचं, वाल्मिकचं घड्याळ मागून आणलं. त्याने माझा वेग असा दाखवला की रस्त्यावरची बोलेरो मागे पडावी. मी घरभर नाचले. काकांनी आकडा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"राजेश्वरी, तू पडलीस की मनगट पाण्याखाली जातं. उपग्रहाशी संपर्क तुटतो. वर आलीस की घड्याळ मधलं सगळं अंतर एका उडीत जोडतं. हा तुझ्या पडण्याचा वेग आहे."

मग मोबाईल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून छातीला बांधला. आत वाफ धरली आणि तो अर्ध्या वाटेत आपोआप बंद पडला. पुढे सुरू झालं वाचन. एक म्हणतो मोठ्या आकड्यांचा पडदा हवाच, दुसरा म्हणतो पडद्याकडे बघणारा पडलाच. एकाला हृदयाचे ठोके मोजायचेत, दुसऱ्याला उड्या. आणि हे सगळे समुद्रावरचे. धरणाचं नाव एकाच्याही तोंडी नाही! शेवटी मी हेल्मेटवर बसणारी एक डबी ठरवली. पडदा नाही, काही नाही, पण सेकंदाला अनेकदा आपली जागा टिपणारी. शिबिराच्या निवड समितीने मान्य केलेल्या यंत्रांत सगळ्यात अचूक. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तिला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. "एवढ्याशा डबीला लई ऐट हाय," म्हणाले.

डबी आली आणि वारा गेला. श्रावण सरत आला, धरण काठोकाठ भरलं, पाणी नुसतं चकाकत बसलं. मी चिडचिड करून घरच्यांना जीव नकोसा केला. आणि मुदतीच्या आदल्या दिवशी सकाळी वारा परत आला.

मधल्या पाण्यात लाटा उसळत होत्या. काका म्हणाले, "मध्येच राहा." मी ऐकलं नाही. आमच्या गावालगतच्या खोलगटात पाणी सपाट होतं आणि वारा एकसारखा. शिवाय तिथला तळ मला पाठ. कुठे खुंट नाही, खडक नाही. नसणारच, कारण ती आमची गाळपेर. हिवाळ्यात पाणी मागे हटलं की आण्णा त्याच गाळात गहू पेरतात. लहानपणी मी तिथे पाखरं हाकलायचे. फळी उचलली गेली, आवाज बंद झाला, आणि मी अशी सुटले की पंखातला वारा संपूच नये असं वाटलं. त्या दिवशी मला कुठलंच यंत्र नको होतं. वेग पुरेसा आहे हे मला ठाऊक होतं.

दुपारी नोंद पाठवली. संध्याकाळी समितीच्या बाईंचा फोन आला.

"मॅडम, ही धाव जमिनीवरची आहे."

"काय?"

"तुमची रेघ उपग्रहाच्या नकाशावर गव्हाच्या शेतातून जातेय. मधला बांधसुद्धा दिसतोय. मोटरसायकल असावी, असं आमचं मत झालंय."

"अहो, ते चित्र हिवाळ्यातलं आहे! आत्ता तिथे पुरुषभर पाणी आहे. काका काठावर उभे होते, त्यांना विचारा."

"साक्षीदार चालत नाहीत, म्हणून तर यंत्र. आणि तुमचं यंत्र फार अचूक आहे, त्याबद्दल शंकाच नाही. उद्या संध्याकाळपर्यंत मधल्या पाण्यातली धाव पाठवा."

वाल्मिकचं घड्याळ असतं तर रेघ इकडेतिकडे भरकटली असती. माझ्या डबीने शेतातली सरी न् सरी धरून ठेवली होती. ती मीच शोधली होती, महिना घालवून!

दुसऱ्या दिवशी वारा नाही. मी पंख फुगवून सकाळपासून काठावर. आण्णा भाकरी घेऊन आले आणि शेजारी बसले. सूर्य कलला तरी पाण्यावर सुरकुती नाही. मग माझा तोल सुटला. मी मोबाईल त्यांच्या हातात आपटला. "बघा! बघा काय म्हणतात! म्हणे रान आहे! आंधळे आहेत का हे?"

आण्णांनी चष्मा वर केला आणि नकाशा डोळ्यांजवळ धरला. बोटाने हळूहळू मोठा केला.

"ह्यो बांध म्या घातलाय," ते म्हणाले. "ही आपलीच पट्टी. गहू बी दिसतुया." मग माझ्याकडे बघून, "ते रान हाय म्हनले व्हय?"

"हो! म्हणून तर माझी धाव बाद केली!"

"आमच्या बापाचं रान बुडालं तवापासनं आमी कचेरीत सांगतोय, हे रान हाय, तशी नोंद लावा. दरसाली एकच सांगत्यात, पानी हाय." त्यांनी मोबाईल दोन्ही हातांनी धरला होता. "पोरी, तुजं नुकसान झालं, मला कळतंय. पर त्या बाईंकडनं तेवढं लिहून मिळंल का?"

मी पंखाची तोटी उघडली. हवा सुटली आणि पंख काठावर आडवा पडला. मग मी मोबाईल मागून घेतला आणि बाईंना फोन लावला.