परत न घेतलेलं वाक्य

"नुसतं खोटं असून भागत नाही हो," वकीलबाई कोर्टाच्या व्हरांड्यात तिसऱ्यांदा समजावत होत्या. "उमेदवार नालायक आहे म्हटलं, तर तो प्रचार. तिनं अमुक पाप केलं असं छापलं, आणि ते खोटं आहे हे छापणाऱ्याला माहीत होतं, तर गुन्हा. माहीत होतं, हे आपण दाखवायचंय."

लिफ्ट मेकॅनिकनं मान हलवली. मान हलवण्यात तो पटाईत. माणसं दोन मजल्यांमध्ये अडकली की "झालंच, पाच मिनिटं" म्हणत तो अशीच मान हलवायचा.

ताई त्याची थोरली बहीण. तीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होती. निवृत्तीनंतर वॉर्डातल्या बायकांनीच तिला निवडणुकीला उभं केलं. मतदानाला तीन दिवस उरले असताना समोरच्या उमेदवारानं, एका कंत्राटदारानं, घरोघर पत्रक टाकलं: जिनं हलगर्जीनं सख्ख्या भावाचं बाळ मारलं, ती तुमचं काय भलं करणार? ताई पडली. त्याचं तिला फारसं काही नव्हतं. पण ज्या दारात बायका तापलेली लेकरं घेऊन न विचारता शिरायच्या, ते दार आता दिवसभर उघडं राहायचं आणि कुणी यायचं नाही. म्हणून तिनं कंत्राटदारावर हा खटला भरला होता.

"बाळ पोटातच गेलं होतं, एवढं सांग," ताई म्हणाली. "खरं तेच बोलायचंय. लग्नात नव्हता आला एवढा घाम तुला!"

तो हसला. हसणं जरा उशिराच आलं.

साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून त्यानं ते वाक्य नीट म्हटलं. मग कंत्राटदाराचा वकील उठला. आवाज अगदी मऊ.

"अकरा वर्षांपूर्वी तुम्ही कंत्राटदारसाहेबांच्या इमारतीत लिफ्ट बसवत होतात. बाळ जाऊन आठवडा झाला होता. साहेबांनी चौकशी केली. तुम्ही काय म्हणालात?"

तिथं तेव्हा दोघंच होते. 'आठवत नाही' म्हटलं असतं, तर कुणाच्या बापाला सिद्ध करता आलं नसतं. त्यानं समोर पाहिलं. ताई मान हलवून त्याला धीर देत होती.

"म्हणालो... माझ्या बहिणीनं मारलं त्याला."

ताईची मान थांबली.

"खरं होतं ते?"

"नाही. तेव्हाही मला माहीत होतं. कुणाला तरी दोष द्यायचा होता, वकीलसाहेब. ती जवळची होती."

"मग नंतर साहेबांना कधी सांगितलंत, की मी खोटं बोललो?"

सांगायचं होतं. पण पुढं भेट व्हायची ती लिफ्टचं दार नीट लागत नाही म्हणून, आणि दाराचं बोलणं चालू असताना तो विषय कसा काढणार? एकाच माणसापाशी बोललो, जिरलं असेल, असं तो धरून चालला. कंत्राटदारानं त्या खोट्यावर ठेवला नसेल, एवढा विश्वास त्यानं ते जिरण्यावर ठेवला.

"नाही सांगितलं."

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी कागद पिशवीत भरले. "सख्ख्या भावाच्या शब्दावर विश्वास ठेवला, असंच म्हणणार आता तो. सुटल्यात जमा आहे." आणि त्या दुसऱ्या खटल्याकडे गेल्या.

"ताई..."

"माझ्या तोंडावर का नाही बोललास तेव्हा?" ती म्हणाली. "मी ऐकून घेतलं असतं रे. तुझंच बाळ होतं."

त्यानं हात पुढं केला. तिनं सवयीनं त्याचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहत ठोके मोजले.

"फार जोरात चाललेत. बस इथं जरा. लगेच उठू नकोस."

मग ती जिन्यानं खाली निघाली. कडेवर मूल घेतलेली एक बाई वर येत होती. ताईला ओळखून ती भिंतीला चिकटली, मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि वाट दिली. लागते त्याहून जास्तच.