ओढ्याकाठची लाल खुंटी

मी मोजणीची खुंटी बोलतेय. हो, तीच, जिच्या डोक्याला लाल रंग आहे. होता म्हणा. शेळीच्या दोरीने घासून तो आता जवळजवळ गेला.

कर्जतच्या वखारीतल्या उरलेल्या सागाची मी. चार वर्षांपूर्वी एका साहेबांनी मला ओढ्याच्या वाडीकडच्या काठावर ठोकलं. "इथून पूल निघणार," ते म्हणाले. सहावीतली हर्षला शेजारी उभी होती. तिने हळूच विचारलं, "माझी दहावी यायच्या आत होईल?"

"त्याच्या खूप आधी!" साहेब हसले.

तेव्हापासून शाळेला जाताना ती रोज माझ्या डोक्यावर टपली मारायची. "निघते गं!"

ओढ्याच्या मधोमध दोन जिल्ह्यांची हद्द आहे. वाडी एका जिल्ह्यात, पलीकडचा कशेळ्याचा रस्ता दुसऱ्यात. वर्षभराने पलीकडच्या साहेबांनीही खुंटी ठोकली, पण माझ्यासमोर नाही, शंभर पावलं खाली. त्यांनी मला पाहिलंच नव्हतं. पलीकडे शाळेच्या पोरांसाठी जीप लावणारा शब्बीर म्हणाला, "सायेब, पूल काय साप हाय, वाकडा जायला?" सगळे हसले. तेव्हा मलाही हसू आलं.

मग कागद फिरले. आमचे साहेब म्हणतात, त्यांचा निधी मंजूर झाला की आम्ही आमचा अर्धा पूल बांधू. पलीकडचे म्हणतात, आधी त्यांचा होऊ दे. कुणाची खुंटी हलवायची यासाठी दोनदा बैठक ठरली. दोन्ही वेळा एकच बाजू आली.

यंदा हर्षला दहावीत गेली. जुलैत ओढा ओलांडताना तिचा पाय निसटला. शब्बीरने पाण्यात उतरून तिला दंडाला धरून काढलं. दप्तर वाहून गेलं.

तिची आई सोमी काठावर धावत आली. "बास झाली शाळा, हर्षले."

"आये, पूल होईल गं. खुंटी हाय ना अजून."

"मग खुंटीवरून चालत जा!" सोमी ओरडली आणि तिला पोटाशी धरून रडली.

आता शाळेच्या वेळेला हर्षला मला शेळी बांधते. पलीकडे शब्बीर तीनदा हॉर्न वाजवतो, जरा थांबतो आणि जातो. ती गाठ पुन्हा पुन्हा आवळत बसते. टपली मारत नाही.

कधी या वाटेने आलात तर एवढं करा. मला उपटा, कुणाच्याही चुलीत घाला. मी इथे रोवलेली आहे तोवर ती पोर हॉर्न ऐकला की उठून उभी राहते.