तिसऱ्या मजल्यावरचा श्वास

शनिवारी वांद्र्याला निहारच्या बँडचा कार्यक्रम होता आणि त्यात त्याचं स्वतःचं एक गाणं होतं. वाकोल्याच्या सोसायटीत लहानपणापासून जिन्यातून ऐकू येणारी मथुरामावशीची हाक, 'सुरमई, बोंबील, कोलंबी घ्या गो', तीच त्याने ध्रुवपदात घातली होती. गिटार, ढोलकी, सगळं जागच्या जागी होतं. पण ड्रम वाजवणारा श्रेयस तोंडावर बोलणारा.

"यार, मिळमिळीत वाटतंय. उद्यापर्यंत जमलं नाही तर हे गाणं गाळू."

निहारच्या ते जिव्हारी लागलं. इंजिनिअरिंगची वाट लावून आयुष्यात केलेली ही पहिली धड गोष्ट, आणि तिला बिनफोडणीच्या वरणाची चव.

दुसऱ्या दिवशी सकाळी मथुरामावशी खारदांड्याहून मासे घेऊन आली, तेव्हा हा तिसऱ्या मजल्यावर फोन रेकॉर्डिंगला लावून उभा. शेजारी श्रेयस. मावशी लिफ्टमधून बाहेर पडली आणि एका दमात हाक देऊन मोकळी झाली. निहारचं तोंड पडलं.

"मावशी, बोंबीलनंतर तू थांबायचीस ना? मला तेच आवडायचं."

मावशी हसली. "बाला, तेव्हा लिफ्ट कुठं होती? पाटी घेऊन तीन मजले चढायचे. श्वास घ्यायला थांबायचे." मग पाटी खाली ठेवत म्हणाली, "आमचा जीव जायचा नि तुला गाणं वाटायचं."

निहारला लाज वाटली, अगदी मनापासून. त्यातून 'एकदा जिन्याने चढून दाखवशील का', हे त्याच्या ओठांवर आलेलं होतं. ते त्याने गिळलं. पण गिऱ्हाइकाचा चेहरा बघून भाव सांगणाऱ्या बाईपासून काय लपणार? तिने त्याच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर पाटी.

"लिफ्टने खाली जा. चढत ये. हाक दे."

पहिल्या मजल्यावर निहार गायला. दुसऱ्यावर नुसता ओरडला. माशांचं पाणी कानामागून शर्टात उतरत होतं. तिसऱ्यावर 'सुरमई, बोंबील' इथवर आला आणि श्वासच संपला. बऱ्याच वेळाने 'कोलंबी' निघाली ती थेट पोटातून.

कठड्यावर बोटांनी ठेका धरून बसलेला श्रेयस उठला. "गाणं गाळायचं नाही," तो म्हणाला.

समोरचं दार उघडलं. शुभाकाकू ताट घेऊन उभ्या. डोक्यावर पाटी घेतलेल्या निहारकडे बघून त्यांना जराही नवल वाटलं नाही.

"सुरमई ताजी आहे ना रे?"

शनिवारी मथुरामावशी अबोलीची वेणी माळून पहिल्या रांगेत बसली. निहार बोंबीलवर आला आणि थांबला. ड्रम थांबला, ढोलकी थांबली. लोकांना वाटलं, गाणं संपलं. टाळ्या सुरू झाल्या तशी मावशी मागे वळली.

"थांबा जरा. तिसरा मजला आहे. पोराला श्वास घेऊ द्या."